हरभऱ्याचा भुंगा आणि पांढरी पावडर : दुकानदाराचं माप ऐकू नका

प्रश्न : बियाण्याच्या हरभऱ्यावर पांढरे ठिपके दिसतात. दुकानदार म्हणतो, डायटोमेशियस अर्थ क्विंटलला दोन किलो चोळा, उरलेली पुढे कपाशीवर पाण्यातून फवारा. करावं का? – एक शेतकरी, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : फवारू नका. ही सूक्ष्म शेवाळांच्या सिलिकायुक्त सांगाड्यांची भुकटी. किड्याच्या अंगावरचं मेण ओढून घेते, अंगातलं पाणी उडतं, किडा सुकून मरतो. ओली असेतोवर निकामी. वाळली तरी बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत ती पोचणार कशी? फुलावर धुरळली तर मधमाशा मात्र मरतील.

आता हरभरा. ठिपके म्हणजे भुंग्याची अंडी. दाण्यात शिरलेल्या अळीला पावडर काही करत नाही. म्हणून आधी चाळा, भोकं पडलेले दाणे काढा आणि मृग लागायच्या आत कडक ऊन द्या. दाताखाली दाणा कट्ट वाजला पाहिजे. माझं ऐकाल तर एवढं करून हवाबंद पिशवीत भरा, पावडरीची गरजच राहत नाही.

वापरायचीच असेल तर साधारण 100 ते 350 ग्रॅम क्विंटलला, तेही लेबलवर धान्यासाठी लिहिलं असेल तरच. दोन किलो कशाला? दुकानदाराचा गल्ला भरायला? जास्त टाकून जास्त भुंगे मरत नाहीत, दाणा खरबरीत होतो, आणि तसला माल आडतीवर नेला की भाव पाडून मागतात. ओलसर दाण्याला चोळली तर पैसे मातीत. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरची भाजलेली पावडर स्वस्त म्हणून गळ्यात मारतात, ती घेऊच नका, फुप्फुसाला घातक. चांगली पावडर चोळतानाही नाकातोंडाला मास्क हवा.

आणि धान्यातले किडे मारायला ठेवतात ती विषारी वायू सोडणारी सेल्फॉसची गोळी घरात? अजिबात नाही! त्या वायूने झोपेत माणसं दगावतात. दुकानदार काहीही म्हणो, ती राहत्या घरात ठेवायची वस्तू नाही.

विकायचा माल वेगळा ठेवा. बाजार समितीत माल गहाण ठेवायची तारण योजना चालू असेल तर मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, चौकशी तिथेच करा.

बियाण्याची पिशवी सारखी उघडू नका. पेरणीच्या दहा दिवस आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. 85 च्या खाली आली तर ते बियाणं डाळीला काढा.