शिंगराचा बाप नंतर शोधा, आधी ३० नोव्हेंबर गाठा

ताई, तुमचा मेल पूर्ण वाचला. गेल्या वर्षी सप्टेंबरात इंग्लंडमधल्या लेस्टरशायरच्या एका डीलरकडून गाभण घोडी घेतली, पोटातलं शिंगरू वेल्श सेक्शन डी (वेल्श कॉब) जातीच्या नोंदणीवाल्या घोड्याचं आहे असं त्याने व्हॉट्सअॅपवर लिहून दिलं, कव्हरिंग सर्टिफिकेट (घोडीला कुठला घोडा दाखवला त्याचा दाखला) मागून पाठवतो म्हणाला, घोडी ९ मेला व्याली, शिंगरू निघालं काळंपांढरं अबलख, आणि आता तो फोन उचलत नाही. ऑक्टोबर लागला की असे मेल येतातच, घोडी वेगळी, डीलर वेगळा, पण गाडी त्याच एका जागी अडलेली असते: बापाचा कागद आला की मग शिंगराच्या पासपोर्टचा, म्हणजे घोड्याच्या सक्तीच्या ओळखपत्राचा, अर्ज करू.

हे कुणी सांगितलं तुम्हाला? इंग्लंडच्या कायद्याला शिंगराच्या बापाशी काही देणंघेणं नाही. घोड्यांच्या ओळखीच्या २०१८ च्या नियमांना हवीय ती जनावराची ओळख, वंशावळ नाही. बापाच्या रकान्यात ‘अननोन’ लिहिलं तरी पासपोर्ट मिळतो, अट फक्त मुदतीची आहे. जन्मापासून सहा महिने किंवा जन्मवर्षाचा ३० नोव्हेंबर, यातली जी तारीख नंतर येते तोपर्यंत अर्ज गेला पाहिजे. तुमचे सहा महिने ९ नोव्हेंबरला भरतात, म्हणजे तुमची तारीख ३० नोव्हेंबर. शिंगरू २० जुलैला झालं असतं तर २० जानेवारीपर्यंत वेळ होता, पण ते मेमध्ये झालंय. (हे इंग्लंडपुरतं, वेल्स आणि स्कॉटलंडचे नियम स्वतंत्र आहेत.)

तारीख चुकली तर काय? पासपोर्ट नाकारत नाहीत, पण हे जनावर माणसाच्या खाण्यासाठी कधीच जाणार नाही असा शेरा पडतो आणि तो पुन्हा निघत नाही. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे घोडा खायला निघालोय. बरोबर आहे, पण बीफ म्हणून घोड्याचं मांस विकलं गेल्याच्या २०१३ च्या भानगडीनंतर ही सगळी यंत्रणा त्याच काळजीने आवळलेली आहे, आणि मुदत मोडणं हा गुन्हा तो गुन्हाच, वैध पासपोर्ट दाखवता आला नाही तर दंडाला वरची मर्यादा नाही. तुमच्यासाठी त्याहून जवळचा धोका दुसरा आहे. पुढच्या महिन्यात दूध तोडून शिंगरू दुसऱ्या यार्डात (तबेल्यात) न्यायचं म्हणताय. आईसोबत असलेलं दूधपितं शिंगरू बिनपासपोर्टचं हलवता येतं, दूध तोडून एकटं नाही. आणि विकायचं ठरलं तर पासपोर्टशिवाय विकताच येत नाही. म्हणून पासपोर्ट हातात येईपर्यंत ते आईजवळच राहू द्या.

आता जे वाचून मला खरंच राग आला ते सांगते. घोडी घेऊन वर्ष उलटलं आणि तिचा पासपोर्ट अजून आधीच्या मालकाच्या नावावर! नवीन मालकाने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं, हे पासपोर्टमध्येच लिहिलेलं असतं, तुम्ही तो उघडून तरी बघितलात का? शिंगराच्या अर्जात आईचा तपशील द्यावा लागतो, तिथे दुसऱ्याचं नाव दिसलं की प्रश्न सुरू होणार. तेव्हा हे काम आज करा, उद्यावर टाकू नका. मालकीची मात्र धास्ती घेऊ नका. पासपोर्ट हा मालकीचा पुरावा नसतोच, तुमची बँक ट्रान्सफरची नोंद आणि ते मेसेज हाच पुरावा. आणि व्याली तेव्हा घोडी ज्याची, शिंगरू त्याचं, उद्या कुणी घोड्याचा मालक उगवला तरी शिंगरावर त्याचा हक्क लागत नाही.

व्हेटची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या, नोव्हेंबरात त्यांना फुरसत नसते. मानेच्या डाव्या बाजूला ओळखीची मायक्रोचिप बसते, इथे ती व्हेटनेच बसवायची असते, आणि त्याच वेळी शिंगराचं रेखाचित्र भरून घ्यायचं. त्यात पांढरे पट्टे, खुरांचे रंग आणि केसांचा प्रत्येक भोवरा जागेवर दाखवतात. तुमचे वडील सारंगखेड्याच्या यात्रेत भोवरे बघून घोडा पारखायचे असं तुम्ही लिहिलंय, तेच भोवरे इथे शुभअशुभासाठी नाही तर ओळख पटवायला मोजतात, त्यामुळे व्हेटने घाईत एखादा सोडला तर तुम्ही बोट ठेवून दाखवा.

अर्ज कुणाकडे करायचा यावर जरा थांबून विचार करा. घोड्याला जन्मभरात एकच पासपोर्ट. आधी फक्त पासपोर्ट देणाऱ्या साध्या संस्थेकडून घेतला आणि पुढे एखाद्या ब्रीड सोसायटीने (एका जातीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने) नोंद करून घेतली, तर दुसऱ्या पासपोर्टचा अर्ज चुकूनही करायचा नाही, आहे त्यावरच त्यांची नोंद करून मागायची. तुमची घोडी स्वतः सेक्शन डीमध्ये नोंदलेली आहे असं तुम्ही म्हणता (तिच्या पासपोर्टात बघून खात्री करा), तसं असेल तर शिंगरात अर्धं वेल्श रक्त आईकडूनच आलं, आणि वेल्श सोसायटीच्या पार्टब्रेड (मिश्र रक्ताच्या घोड्यांच्या) रजिस्टरला साडेबारा टक्के पुरतात. बाप अज्ञात असताना ते घेतील का, हे त्यांच्याकडून लेखी विचारा, पण उत्तराला उशीर झाला तर ३० नोव्हेंबर सोडू नका, साध्या संस्थेकडे अर्ज करून मोकळ्या व्हा.

शुद्ध सेक्शन डीची आशा मात्र सोडून द्या. फोटोत पाठीवरून आडवे गेलेले मोठे पांढरे पट्टे दिसताहेत. घोडी कुमैत (लालसर तपकिरी), तिच्यावर डाग नाही. अशा अबलखपणासाठी आईबापांपैकी एक तरी अबलख असावा लागतो, आणि वेल्श स्टडबुक (शुद्ध जातीची नोंदवही) अबलख रंग घेतच नाही. म्हणजे डीलरने सांगितलेला घोडा बहुतेक बाप नाहीच, यार्डातल्या लोकांनी तुम्हाला सांगितलेला त्याच कुरणातला तो काळापांढरा कॉब (ठेंगणा, दणकट घोडा) असणार. डीएनएने पक्कं होईल, आयाळीचे केस मुळासकट उपटून पाठवावे लागतात, कापलेले चालत नाहीत, पण ज्याच्यावर संशय आहे त्या घोड्याचाही नमुना लागेल.

राहिला डीलर. तो धंदा म्हणून घोडे विकत असेल तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो, माल सांगितल्याप्रमाणे नव्हता एवढाच मुद्दा. ३० दिवसांत परत करायचा हक्क कधीच गेला, सहा महिनेही उलटले, म्हणजे दोष विकतानाच होता हे आता तुम्हाला सिद्ध करावं लागेल. पण तुमच्या बाबतीत ते अवघड नाही. घोडी अकरा महिने गाभण राहते, मेमध्ये व्याली म्हणजे जूनमध्ये फळली, आणि तुमच्याकडे आली सप्टेंबरात. दाम कमी करून मागता येईल, किती ते किंमत ठरवणारा सांगेल, मी आकडा देणार नाही. १०,००० पौंडांपर्यंत स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) जाता येतं, तिथला वेग बघता वर्षभर तरी धीर धरायची तयारी ठेवा, मी त्याला न्याय म्हणायला कचरते. पण दाव्याला सहा वर्षांची मुदत आहे, तो पळून जात नाही. त्याला आत्ता एक ईमेल करा, फोन नको, ते व्हॉट्सअॅप मेसेज दुसऱ्या जागी साठवून ठेवा, आणि पासपोर्टचा अर्ज गेल्याची पावती आली की मला पुन्हा लिहा, मग नोटिशीचा मसुदा बघू.