पिस्तुलाच्या नळीत ‘आटे’ असतात का?

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. त्यांच्या हातातल्या रहस्यकथेत नऊ एमएमच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या नळीचं वर्णन येतं. तिथल्या ‘रायफलिंग’साठी, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचांसाठी, ‘आटे’ लिहावं का, ‘ग्रूव्ह’ (खाच) आणि ‘लँड’ (दोन खाचांमधला उंचवटा) यांना काय म्हणावं आणि ‘पॉलिगोनल’ म्हणजे ‘बहुभुजी आटे’ का, असं त्यांनी विचारलं आहे.

‘आटे’ मी टाळेन. शब्द चांगला आहे, पण तो स्क्रूचा, नळाचा, बाटलीच्या झाकणाचा. आटे म्हटलं की एकाला एक लागून फिरत गेलेली, दुसरा भाग त्यात घट्ट बसवता येईल अशी चक्रं डोळ्यांसमोर येतात. नऊ एमएम पिस्तुलात सहसा 250 मिलिमीटर लांबीला एक फेरा पुरा होतो. ग्लॉक 17 या पिस्तुलाची नळी 114 मिलिमीटरची आहे, म्हणजे तिच्यात अर्धा फेरासुद्धा होत नाही. हा पीळ आहे. दोरीला, सुतळीला असतो तसा. ‘पीळ’ घेतला की उजवा पीळ, डावा पीळ, मंद पीळ हे सगळं आपोआप बोलता येतं. कोल्ट 1911 या पिस्तुलाचा पीळ डावा, 16 इंचांत एक फेरा, ग्लॉकचा उजवा.

‘लँड’चं भाषांतर ‘जमीन’ मुळीच करू नका. इंग्रजीत हा शब्द नांगरटीतून आला: नांगरानं पाडलेल्या दोन चरांमधला, नांगर न लागलेला पट्टा म्हणजे लँड. आणि नेमकी हीच जोडी आपल्याकडे शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आहे: सरी आणि वरंबा. ग्रूव्ह ती सरी, लँड तो वरंबा. नऊ एमएमच्या नळीत समोरासमोरच्या वरंब्यांमधलं अंतर साधारण 8.82 मिलिमीटर आणि सऱ्यांमधलं 9.02. म्हणजे सरीची खोली मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. तेवढ्यावर गोळी घट्ट धरली जाते आणि स्वतःभोवती फिरत बाहेर पडते, म्हणून तिची दिशा ढळत नाही. शहरी वाचकाला ‘सरी’ म्हणजे पाऊस वाटेल अशी भीती असेल, तर पहिल्यांदा ‘सरी-वरंबे’ असं जोडीनं लिहा; पुढे अडचण येत नाही.

आता पॉलिगोनल. इथे ‘बहुकोनी’ बरोबर आहे, पण एका खुलाशासह. या नळीत उभ्या कडांचे वरंबे नसतातच. नळीचा छेद गोलसर कोपऱ्यांच्या षट्कोनासारखा असतो आणि तो षट्कोन पुढे जाताना पीळ घेत जातो. ग्लॉकच्या जुन्या नऊ एमएममध्ये षट्कोन, पॉइंट फोर-फाइव्ह इंची पिस्तुलात अष्टकोन. कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1850च्या दशकातच षट्कोनी नळीची रायफल केली होती. अशा नळीला मी ‘बहुकोनी पिळाची नळी’ म्हणेन.

कथेच्या दृष्टीनं खरं महत्त्व पुढच्या गोष्टीला आहे. नळीतला वरंबा गोळीवर सरी पाडतो, त्यामुळे गोळीवरच्या खुणा नळीच्या उलट असतात. तपासणारे तज्ज्ञ त्या खुणांची संख्या, रुंदी, पिळाची दिशा आणि मग बारीक ओरखडे पाहतात. बहुकोनी नळीत धारदार कड नसल्यानं या खुणा पुसट उमटतात आणि गोळी नेमक्या एकाच पिस्तुलाशी जुळवणं अवघड जातं. लेखकानं ‘पॉलिगोनल’ हा शब्द बहुधा याचसाठी योजला असणार; तो गाळून नुसतं ‘पिस्तूल’ लिहिलंत तर कथेतला दुवाच तुटेल. (आपल्या बातम्यांतल्या गावठी कट्ट्याची नळी बऱ्याचदा आतून गुळगुळीतच असते. तिथे पिळाच्या खुणा शोधण्याचा प्रश्न येत नाही.)

‘रायफलिंग’ हा शब्द जरूर ठेवा, नपुंसकलिंगी, ‘वायरिंग’सारखा. पिस्तुलात रायफलिंग कसं, ही शंका नको: खरवडणे, ओरखडणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला आणि बंदुकीला रायफल हे नाव या सऱ्यांमुळेच पडलं.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘नळीतलं रायफलिंग बहुकोनी होतं, पीळ उजवा, गोळीवर वरंब्यांची एकही ठळक खूण नव्हती.’