३० बाय ५० च्या प्लॉटवर आई-वडील आणि आम्हा दोन भावांची कुटुंबं राहतील असं घर बांधायचंय. खाली-वर बरं की शेजारी-शेजारी? नकाशा कसा आखावा?

सांगलीत अशाच घरात मी धाकटी सून म्हणून तेरा वर्षं राहतेय. प्लॉटही जवळपास तुमच्याएवढाच. खाली सासू-सासरे, थोरले दीर आणि जाऊबाई, वर आम्ही. मी इंजिनिअर नाही, पण या घरात कोण कुठे अडखळतं ते मला पाठ आहे.

शेजारी-शेजारीचा विचार सोडा. दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट सोडले की रुंदी उरते वीस फूट. मधे भिंत घातली की एकेकाच्या वाट्याला साडेनऊ फुटांची पट्टी. आगगाडीच्या डब्यात संसार थाटल्यासारखं होईल. (जागा नक्की किती सोडावी लागते ते तुमच्या नगरपालिकेत आधी विचारा.)

खाली-वर ठरलं की कागदावर पहिली रेघ जिन्याची मारा, बेडरूमची नव्हे. आमच्या पहिल्या नकाशात जिना खालच्या हॉलमधून वर जात होता, डुप्लेक्ससारखा. दिसायला झकास. माझे मिस्टर तेव्हा एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जायचे, घरी यायला साडेबारा. सासऱ्यांनी नकाशा बघून एवढंच विचारलं, "म्हणजे हा रोज रात्री माझ्या उशाशी बूट काढणार?" जिना हलला. मग दिरांचं म्हणणं, बाहेरूनच काढू, लोखंडी. त्याला मी नको म्हटलं. भाड्याच्या घरांना तसे जिने असतात. पावसाळ्यात माणूस दोनदा विचार करतो आणि खाली येणं बंद होतं.

शेवटी समोर दहा फूट लांबीचा सोपा काढला, जुन्या घरात असायचा तसा. छप्पर पक्कं, पुढे ग्रिल. खालच्यांचं दार सोप्यात उघडतं आणि जिनाही तिथेच उतरतो. चपला, झोपाळा, पेपर, भाजी निवडणं, सगळं तिथे. तुमचा नकाशा तपासायचा तर एवढंच बघा: वरच्या पोरांना आजीकडे अनवाणी येता आलं पाहिजे, पण वर जायला कुणाच्या हॉलमधून जावं लागता कामा नये.

जिन्याला जागा द्यायला कंजुषी करू नका. मजल्याची उंची दहा फूट धरली तर साडेसात इंची पायऱ्या सोळा होतात आणि सहा इंची वीस. चार पायऱ्या वाढल्या तरी गुडघे वाचतात. वळणाच्या जिन्याला साधारण सात बाय चौदा फूट लागतात. म्हणजे वीस बाय पस्तीसच्या मजल्यातले शंभर चौरस फूट गेले. जाऊ द्या.

आता आमची चूक. आई-वडिलांच्या खोलीला संडास-बाथरूम जोडून घेतलं, पण दार नेहमीचं अडीच फुटी. चौकटीची जाडी गेली की आत पंचवीस इंच उरतात, त्यात उघडलेलं दार आणखी इंचभर खातं. सासऱ्यांच्या मांडीचं हाड मोडलं, वॉकर आला आणि तो दारात अडकला. चौकट फोडावी लागली. आठवडाभर सिमेंटच्या धुळीत त्यांचं अंथरूण हॉलमध्ये. तेव्हा तिथे तीन फुटी चौकट लावा आणि दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवा. आत कुणी पडलं तर आत ढकलायचं दार उघडता येत नाही. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा दोन इंच खाली घ्यायची गवंड्यांना सवय असते. अर्ध्या इंचावर अडवा, उतार नाहणीकडे नीट काढायला लावा.

खालच्या मोरीवर वरची मोरी, ओट्यावर ओटा. पाइप सरळ उतरतात आणि गळती लागली तर कुठे बघायचं ते कळतं. देवघरावर मात्र वरचं संडास येऊ देऊ नका, मग तुम्ही मानत असा वा नसा, आई मानत असतील. आणि आई-वडिलांच्या खोलीवर वरचा हॉल नको. खुर्ची ओढल्याचा आवाज खाली कसा येतो, ते झोपलेल्यालाच कळतं.

स्वयंपाकघर दोन. आज एकत्र जेवत असाल तरी वर ओटा, सिंक, पाण्याची लाइन करूनच ठेवा. जाऊबाई आणि मी चार वर्षं एकत्रच करत होतो. वेगळ्या झालो ते भांडून नाही, डब्यांच्या वेळांमुळे. त्यांचा सहाला, माझा नऊला. आमटीची वाटी अजून जिना चढते-उतरते. वेगळं दार आणि वेगळं स्वयंपाकघर असलं की दुसऱ्या वीजमीटरचा अर्ज करायलाही सोपं जातं. एकाच मीटरवर दोन घरं चालवली की युनिटं १०० च्या, मग ३०० च्या पुढे जातात आणि दर चढत जातो. हौद आणि मोटर एक, वरच्या टाक्या दोन.

जोत्याचं, म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतच्या उंचीचं, एक त्रांगडं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्याकडे ते उंबऱ्याच्या एक पायरी खाली थांबलं, कारण जोतं अडीच फूट होतं. खालचं सामान वर नेलं, गावभागातले पाहुणेही वरच राहिले. पण अडीच फूट चढायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या. उतार करायचा तर फुटाला बारा फूट, म्हणजे तीस फूट लांब हवा. आमचा बाजूच्या मोकळ्या जागेतून मागच्या दारापर्यंत जातो. तुमच्याकडे पूर येत नसेल तर जोतं दीड फुटावर ठेवा, उतार अठरा फुटांत बसेल.

शेवटचं काम पायाखोदाईच्या आधी करा. नकाशा फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, प्लॉटवर आखा आणि आई-वडिलांना त्यात फिरवून आणा. आमच्या सासूबाई फक्कीच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या, मान वळवली आणि म्हणाल्या, "इथून फाटक दिसत नाही. पोरं आली-गेली मला कळणार कशी?" कागदावर हे आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं. मिस्त्रीने चपलेने रेघ पुसली आणि ओटा समोरच्या भिंतीला घेतला.