वाचकांचे प्रश्न : वर्गात गप्प बसणारं मूल

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून जर्मनीत स्टुटगार्टला आलो. साडेसहा वर्षांचा मुलगा सप्टेंबरपासून इथल्या पहिलीत जातो. तिकडे अखंड बडबड करायचा. इथे चार महिने झाले तरी वर्गात एक शब्द नाही. घरी येऊन बूट काढता काढताच रडू फुटतं, डबा तसाच परत येतो. वर्गशिक्षिका म्हणतात, घरीही जर्मनच बोला. आमचं जर्मन जेमतेम. काय करावं?

उत्तर : घरचं मराठी अजिबात बंद करू नका. शिक्षिकेचा हेतू चांगला आहे, पण तुमच्या अडखळत्या जर्मनमधून त्याला तोकडी वाक्यं मिळतील आणि ‘आज मला कोणी ढकललं’ हे नीट सांगता येईल अशी एकुलती एक भाषाही हातची जाईल. गोष्ट, हिशेब, ‘का’ आणि ‘कसं’ हे मराठीत पक्कं झालं, की जर्मनमध्ये फक्त शब्द बदलायचे राहतात. शिक्षिकेला सांगा, घरी मराठीच राहील. मात्र शहराच्या वाचनालयातून जर्मन चित्रांची पुस्तकं आणि ध्वनिकथा आणून रोज वीस मिनिटं ऐकवू.

आता गप्प राहण्याबद्दल. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं आधी नुसती ऐकतात. हा काळ काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत चालतो. तो आत काही साठवतोय का, हे ओळखायला दोन खुणा पाहा. ‘वही काढा’ म्हटल्यावर तो शेजाऱ्याकडे बघून काढतो की आपणहून? आणि घरी गाड्या खेळताना एखादा जर्मन शब्द पुटपुटतो का? दोन्हींपैकी एक जरी असलं तरी गाडी रुळावर आहे. खेळण्यापुरती भाषा साधारण वर्ष-दोन वर्षांत येते. धड्यांची, गणिताच्या उदाहरणांची भाषा पक्की व्हायला पाच-सात वर्षं लागतात. त्यामुळे चार महिन्यांवर निकाल लावू नका.

‘बोल रे’ म्हणण्याऐवजी त्याच्या हातात दिवस निभावण्यापुरती वाक्यं द्या. पहिलं वाक्य शौचालयाचं : ‘इश मुस आउफ्स क्लो.’ हे म्हणता येत नाही म्हणून मुलं तासन्‌तास दाबून धरतात, पाणी पीत नाहीत, मग पोट दुखतं आणि डबा परत येतो. तुमच्याकडे हेच घडत असण्याची बरीच शक्यता आहे, त्याला सरळ विचारा. मग ‘दार्फ इश मिटश्पीलन?’ (मी खेळायला येऊ?) आणि ‘श्टॉप, दास विल इश निश्त’ (थांब, मला हे नको). आठवड्याला दोनच वाक्यं घ्या, रोज दहा मिनिटं, बाहुल्यांच्या तोंडी : एक बाहुली शिक्षिका, एक तो. उच्चार सुधारत बसू नका.

शिक्षिकेची भेटीची वेळ घेऊन तीन गोष्टी मागा. सगळ्यांसमोर त्याच्याकडून बोलून घेऊ नये. बोट दाखवून दिलेलं उत्तर चालावं. आणि वह्या वाटण्यासारखं बिनबोलाचं काम त्याला द्यावं. शेजारी एक शांत, ठरलेलं मूल मिळालं तर फारच उत्तम. नव्याने आलेल्या मुलांसाठी स्टुटगार्टच्या राज्यात तयारी वर्ग असतात, तेही विचारा.

डब्याचं : तिथे सुट्टी छोटी, खाणं गारच आणि बहुतेक हातात धरूनच. थंड थालीपीठ चामट होतं, पोळी-भाजी सांडते. दुधात कणीक भिजवून केलेली दशमी गार झाली तरी मऊ राहते. तूप लावून घट्ट गुंडाळी करा, तीन तुकडे कापा, बाजूला काकडीच्या फोडी. गोड न आणण्याचा बऱ्याच शाळांचा नियम असतो, म्हणून गूळ नको.

मित्र जोडायला एकाच मुलाला घरी बोलवा, तिघांना नको. तिथे वेळ आधी ठरवतात आणि किती वाजता न्यायला यायचं तेही सांगतात. दीड तास पुरे. ठोकळे, कणकेचे प्राणी असा हातांचा खेळ ठेवा, म्हणजे शब्दांवाचून अडत नाही. पोहण्याचा वर्गही लावा. ‘ज़ेपफेर्डशेन’ नावाच्या बिल्ल्यासाठी काठावरून उडी मारून 25 मीटर पोहायचं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून वस्तू काढून आणायची. पोहण्याच्या चड्डीवर शिवलेला तो बिल्ला तिथल्या मुलांत फार मानाचा असतो, आणि तो मिळवायला फारसं बोलावं लागत नाही.

रडण्याबद्दल इतकंच, की दिवसभर आवरून धरलेलं घरीच सुटतं. पहिला अर्धा तास ‘आज काय शिकलास?’ नको. खाणं, मांडी, शांतता.

मात्र तो घरीही मराठीत बोलेनासा झाला, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, आठवडेच्या आठवडे झोप उडाली, किंवा शाळेत खाणाखुणाही करत नसेल, तर वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते पुढे बालविकास केंद्रात पाठवू शकतात.

प्रश्न : चार वर्षांचा नातू वर्षभर जर्मनीत आहे. रात्री साडेआठच्या व्हिडिओ कॉलवर बोलतच नाही, बोलला तर जर्मनमध्ये. (एक आजोबा, नाशिक)

उत्तर : आजोबा, आधी वेळ बदला. हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. तुमच्या रात्री साडेआठला तो नुकताच बालवाडीतून दमून आलेला असतो. त्याऐवजी रविवारी सकाळी दहा, म्हणजे हिवाळ्यात तुमचे अडीच, हे बरं. ‘बोल ना’, ‘आठवण येते का?’ हे प्रश्न टाळा. एकाच चित्रपुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक तिकडे, एक तुमच्याकडे, आणि दहा मिनिटं बरोबर पानं उलटा. तो ‘हुंड’ म्हणाला तर चूक काढू नका, ‘हो, कुत्रा! किती मोठा कुत्रा!’ म्हणून पुढे जा.

प्रश्न : सात वर्षांची मुलगी इंग्रजी माध्यमातून जर्मन शाळेत गेली. आता 43 ऐकून 34 लिहिते. गणित तर चांगलं होतं.

उत्तर : गणित आजही चांगलंच आहे. जर्मनमध्ये 43 म्हणजे ‘द्राय-उंट-फियरत्सिश’, तीन आणि चाळीस. ती ऐकते त्या क्रमाने लिहिते. मराठी आकडे इथे कामाला येतात, कारण ‘त्रेचाळीस’मध्येही तीन आधीच येतो. रोज पाच आकडे मराठी आणि जर्मनमध्ये जोडीने म्हणा. एकोणतीस, एकोणचाळीस मात्र सुरुवातीला वगळा, ते एक उणे करून बनतात. वहीत दोन चौकटी काढून पूर्ण आकडा ऐकल्यावरच डावीकडून लिहायला लावा. तिची साधी उभी रेघ असलेली 1 आणि आडवी दांडी नसलेली 7 शिक्षकांना गोंधळात पाडत असेल, तेही पाहा : तिथे 1 ला वरून लांब तिरपी रेघ असते आणि 7 ला मध्ये दांडी. भागाकाराला नुसते दोन टिंब असतात. आणि प्रगतिपुस्तकात 1 दिसला तर घाबरू नका, तिथे 1 सर्वांत चांगला आणि 6 सर्वांत वाईट.