चीट, छीट की चिंट्झ?

फोंड्याच्या एका हौशी नाट्यमंडळाची विचारणा: जत्रेच्या नाटकातल्या पोर्तुगीज बाईसाठी अठराव्या शतकातल्या धर्तीचा झगा शिवायचा आहे. कापडाच्या वर्णनात 'चिंट्झ' लिहिलंय, घरातल्या आजी 'चीट' म्हणतात, शिंपी 'कलमकारी'. बरोबर काय?

आजी बरोबर. रंगीत नक्षी रंगवलेल्या किंवा छापलेल्या सुती कापडाला मराठीत रुळलेला शब्द चीट, 'छीट'ही चालतो. सामान्यरूप 'चिटा-': चिटाचा परकर, चिटाचं पोलकं. मुळाशी हिंदी छींट, म्हणजे शिंतोडा, ठिपका. इंग्रजांनी त्याचं 'चिंट्स' असं अनेकवचन केलं, पुढे तेच एकवचन समजलं गेलं आणि 'चिंट्झ' झालं. पोर्तुगीजमध्ये तोच 'शिता'. बाहेर फिरून आलेलं रूप आपण पुन्हा उसनं कशाला घ्यायचं? एवढंच, की आजच्या पोरांना नुसतं 'चीट' म्हटलं तर फसवणूक ऐकू येते. म्हणून 'चिटाचं कापड' म्हणावं.

शिंपीही अगदीच चुकीचा नाही. कलमकारी म्हणजे कलमाने केलेलं काम. युरोपात गेलेल्या उत्तम चिटांवरचं नक्षीकाम बहुतेक हातानेच रेखलेलं असे, आणि पोर्तुगीजांचा जुना शब्द 'पिंतादु' म्हणजे रंगवलेलं. पण मछलीपट्टणची ठशांनी छापलेली कापडंही आज कलमकारी म्हणूनच विकली जातात, त्यामुळे दुकानात या शब्दावर भिस्त ठेवू नये. कुणबी साडीच्या चौकटी मात्र विणलेल्या असतात. ती चीट नव्हे.

चिटाचं वैशिष्ट्य रंग बसवण्यात आहे. मुळांपासून काढलेला लाल रंग सुतावर नुसता टिकत नाही. आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात कापड भिजवायचं, म्हणजे पुढची रेघ पसरत नाही. मग लालसाठी तुरटीचं आणि काळ्यासाठी लोखंडाचं पाणी कलमाने किंवा ठशाने लावायचं. उकळत्या रंगात कापड टाकलं की रंग तेवढ्याच जागी धरतो. निळीला हे चालत नाही. म्हणून निळं नको तिथे मेण लावून कापड निळीत बुडवायचं. हिरवा वेगळा नसेच: निळीवर पिवळा चढवायचा. पिवळा उन्हाने उडतो, म्हणून संग्रहालयांतल्या चिटांवर पानं निळी दिसतात. त्यांच्यावरून काढलेल्या आजच्या छपाईतही ती निळीच येतात. नाटकातल्या बाईचा झगा नवा असेल, तर हिरव्या पानांचंच कापड घ्या.

घेताना कापड उलटं करून पाहा. रंगवलेल्या सुती कापडात रंग मागेही उतरतो. पाठ पांढरी राहिली असेल तर रंग बहुधा वरवर बसवलेला आहे. तो कडक लागतो आणि घडीवर झिजतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासूनही बघा. पॉलिस्टर दिव्यांखाली चकाकतं. जुन्या चिटांनाही चकाकी असे, पण ती खळ आणि घोटाईची, अंगची नव्हे.

माप घेण्याआधी कापड धुऊन आकसू द्या. मग एक फूल पुन्हा त्याच जागी किती इंचांनी येतं ते मोजा. समजा २४ इंच. झग्याच्या खालच्या घेराला ४० इंचांचे तीन पट्टे हवेत. ४० गुणिले ३ म्हणजे १२० इंच, असा हिशेब केला की शिवणीवर फुलं तुटतात. प्रत्येक पट्टा त्याच फुलापासून सुरू व्हायला हवा, म्हणून पहिल्या दोन पट्ट्यांना २४ च्या दुप्पट, ४८-४८, आणि शेवटच्याला ४०, असे १३६ इंच लागतात. धुतल्यावर एवढं उरायला हवं, म्हणून आणताना चार वारांहून थोडं जास्तच आणा. नक्षीला वर-खाली दिशा असेल तर एकही पट्टा उलटा लावू नका. देठ वर गेलेलं फूल मागच्या रांगेतूनही दिसतं.

आणि नाटकाच्या संहितेत 'पलंगपोस' आला तर तोही ठेवा. इंग्रजीतला 'पॅलमपोर' म्हणजे तोच, चिटाचा.