सिलेंडर येतोय का?

पत्र, थोडक्यात: मावशी, मी ३६ वर्षांची. चर्चच्या क्वायरमध्ये गाते, संडे स्कूल घेते. तिथेच कीबोर्ड वाजवणाऱ्या एका ‘भावाशी’ (चर्चमध्ये सगळे एकमेकांना भाऊ-बहीणच म्हणतात) गाण्यांच्या निमित्ताने बोलणं सुरू झालं, मग प्रार्थनेचे विषय, आता रोज रात्री अकरानंतर चॅट. शरीराने काही घडलेलं नाही. यांची चाकणला तिसरी पाळी असते. मी दर शुक्रवारी नुसत्या चहावर उपास करते, रडून प्रार्थना करते, पण शुक्रवारीच गप्पा जास्त लांबतात. ‘आपण थांबायला हवं’ हेही आम्ही कितीदा बोललो. त्याचा नंबर ‘गॅस एजन्सी’ नावाने ठेवलाय; एकदा यांनी स्क्रीन बघून विचारलं, सिलेंडर येतोय का? असो. देव हा मोह काढून का घेत नाही?

उत्तर:

बाई गं, चार पानं भरून देवाला जाब विचारलास आणि सिलेंडर एका ओळीत उरकलास. वर ‘असो’! नवऱ्याला काय उत्तर दिलंस तेवढं मात्र लिहायचं राहिलं. ‘हो’ म्हणाली असशील.

मोह न बोलावता येतो, कबूल. पण फोनमधलं नाव आपोआप बदलत नाही. कॉन्टॅक्ट उघडायचा, खरं नाव पुसायचं, ‘गॅस एजन्सी’ टाइप करायचं, सेव्ह दाबायचं. तोवर तर काही घडलंही नव्हतं ना? मग लपवायचं काय होतं? बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायाचं शेवटचं वचन काढ. देहवासनेसाठी तरतूद करू नका, असं पौल म्हणतो. पावसाळ्याआधी सरपण भरून ठेवावं तशी तू पुढच्या कित्येक रात्रींची सोय करून ठेवलीस, आणि आता देवाला म्हणतेस, हे काढून घे. त्याने काय तुझ्या फोनमध्ये येऊन नाव बदलायचं?

उपासाचं म्हणशील तर मत्तयाचा ४था अध्याय नीट वाच. प्रभू येशूने ४० दिवस उपास केला, भूक लागली, आणि परीक्षक, म्हणजे सैतान, आला तो तेव्हाच. उपासाने मोह पळून जात नाही. दिवसभर चहावर राहायचं, रात्री दमून एकटीने अंथरुणावर पडायचं, फोन उशाशी. शुक्रवारीच गप्पा लांबतात याचं नवल ते काय! आणि प्रभूची उत्तरं बघ. तिन्ही वेळा बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं एकेक वचन, विषय संपला. सापाशी बोलत बसली ती हव्वा. ‘आपण थांबायला हवं’ यावर त्याच्याशीच तासभर चर्चा करणं म्हणजेही गप्पाच, फक्त विषय सोवळा.

‘प्रार्थनेचे विषय’ हा तर चर्चमधला सगळ्यात गोड सापळा. घरातलं दुखणं बाहेरच्या पुरुषाला सांगायला एरवी जीभ अडखळली असती. प्रार्थनेचा विषय म्हटला की भरभरून सांगता येतं. यापुढे तुझे विषय बायकांच्या प्रार्थनासभेत.

चॅट अर्काइव्ह करून भागणार नाही. ते फक्त नजरेआड होतं, मेसेज येतच राहतात. ब्लॉक कर, व्हॉट्सअॅपवर आणि साध्या कॉललाही. ब्लॉक केलेल्याचे मेसेज ग्रुपमध्ये मात्र दिसतात, म्हणून क्वायरचा ग्रुप सोड आणि काही महिने क्वायरही. पाळकसाहेबांना ‘सध्या जमणार नाही’ एवढं पुरे. निरोपाचा मेसेज पाठवू नकोस. ‘शेवटचं एकदा’ म्हटलं की त्याचं उत्तर येतं, त्या उत्तराला तुझं उत्तर जातं, आणि आठवड्याने पुन्हा अकरा वाजलेले असतात. मोहात ओढणाऱ्या पोटीफराच्या बायकोच्या हातात वस्त्र सोडून बायबलमधला योसेफ पळाला. वस्त्र परत मागायला गेला नाही. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि गजराचं साधं घड्याळ आण.

पण हे सगळं करूनही तुझं खरं काम बाकीच राहतं. ते खोटं नाव एकाच माणसाच्या डोळ्यांसाठी टाइप केलं होतंस. म्हणून सांगायचं तेही त्यालाच. मैत्रिणीला नाही, पाळकबाईंना नाही. तिथे रडून मोकळी होशील आणि घरात ‘गॅस एजन्सी’ तशीच राहील. तो चिडका नाही, हात उगारणारा नाही, असं तूच लिहिलंयस, म्हणून हे ठामपणे सांगते. सकाळी सातला पाळीवरून आल्या आल्या नको. माणूस झोपेने मोडलेला असतो. सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर, मुलं झोपली की. चॅट वाचून दाखवू नकोस. ‘तुम्ही घरी नसता म्हणून’ हे वाक्य तर तोंडातून निघता कामा नये. कोण, कधीपासून, आणि आता बंद केलंय, एवढं सांग. तो विचारेल त्याचं खरं उत्तर दे, आणि तो गप्प बसला तर तूही गप्प बस.

सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडेल. त्याच्याच प्रश्नापासून कर. म्हण, ‘त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, सिलेंडर येतोय का? तो गॅसवाल्यांचा मेसेज नव्हता.’