वैमानिक प्रशिक्षणाच्या जोडीने ह्यूमन फॅक्टर्सचे शिक्षण : मेलबर्नहून एक उत्तर

तुमचा प्रश्न असा आहे की, ऑस्ट्रेलियात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घेत असतानाच विद्यापीठात ह्यूमन फॅक्टर्स (माणसाचे शरीर, मन आणि सवयी यांचा कामातल्या चुकांशी असलेला संबंध) आणि विमानसुरक्षा हे विषय शिकावेत का, की त्यामुळे दोन्हीकडे ओढाताण होऊन एकही धड होणार नाही. मी सोलापूरहून याच शिक्षणासाठी मेलबर्नला आलो आणि आता येथेच उड्डाण प्रशिक्षक म्हणून काम करतो. माझे उत्तर 'शिकावेत' असे आहे; मात्र दोन गोष्टींचा निकाल भारतात असतानाच लावून मग निघावे.

पहिली गोष्ट वैद्यकीय तपासणीची. परत येऊन भारतात विमान चालवण्याचा थोडाही विचार असेल, तर डीजीसीएची, म्हणजे भारतातल्या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेची, आधी वर्ग दोनची आणि मग व्यावसायिक वैमानिकाला लागणारी वर्ग एकची तपासणी पूर्ण करावी आणि त्यानंतरच विद्यापीठाची फी भरावी. येथे 'कासा' या नियामक संस्थेच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून वेगळी तपासणी होते. ती उत्तीर्ण झालात म्हणून भारतातली सुटत नाही. दुसरी गोष्ट उड्डाणाच्या तासांची, आणि येथे फार मुले फसतात. ऑस्ट्रेलियात सलग, एकात्मिक अभ्यासक्रमातून व्यावसायिक परवाना १५० तासांत मिळू शकतो, तर डीजीसीएला २०० तास लागतात आणि त्यांपैकी १०० तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून उडालेले असावे लागतात. वरच्या तासांचा खर्च पदवीच्या फीमध्ये धरलेला नसतो. त्यामुळे एकूण किती तास, त्यांतले एकट्याचे किती, रात्रीचे किती, बहुइंजिनी विमानावरचे किती, हे उड्डाण-शाळेकडून लेखी मागून घ्यावे. परवाना बदलून घेताना भारतात हवाई नियम, नॅव्हिगेशन आणि हवामानशास्त्र यांच्या परीक्षाही द्याव्या लागतात, म्हणून त्या पुस्तकांची धूळ झटकत राहावे.

आता मूळ विषयाकडे वळतो. व्यावसायिक परवान्यासाठी कासाच्या सात लेखी परीक्षा असतात आणि त्यांतली एक ह्यूमन फॅक्टर्सचीच आहे. म्हणजे पदवी न घेताही हा विषय थोडाफार शिकावाच लागतो. मग विद्यापीठात वेगळे काय मिळते? परीक्षेत विचारतात की, ऑक्सिजन कमी पडल्याची लक्षणे कोणती, किंवा आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कशा काम करतात. विद्यापीठात विचारतात की, ही सगळी माहिती असलेला, अनुभवी, निरोगी माणूस अपघाताच्या दिवशी तसा का वागला. त्या प्रश्नाच्या शोधात मग संख्याशास्त्र येते, अपघात-अन्वेषणाची पद्धत येते, कॉकपिटमधल्या उपकरणांची मांडणी येते, कामाच्या पाळ्यांची आखणी येते आणि विमान कंपनीची सुरक्षा-व्यवस्थापन प्रणालीही येते.

हे विषय उड्डाणासोबतच शिकावेत असे मी का म्हणतो, ते सांगतो. डोळ्यांवर हूड लावून, बाहेरचे काहीही न पाहता फक्त उपकरणांवर उडण्याचा सराव करताना, बराच वेळ एका बाजूला वळत राहिले की आतल्या कानातला द्रव स्थिरावतो आणि वळण चालू असूनही आपण सरळ जात आहोत असे वाटू लागते. मग विमान खरोखर सरळ केले की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. हे मी सोमवारी वर्गात शिकलो आणि त्याच आठवड्यात मला स्वतःला अनुभवता आले. डोके सांगत होते की उपकरण बरोबर आहे, आणि सगळे शरीर सांगत होते की ते चुकते आहे. त्या दिवशी आलेली समज नुसत्या वाचनाने मला आली नसती.

दुसरा अनुभव माझ्या एका चुकीचा आहे. मेलबर्नच्या मुराबिन विमानतळावर १७ लेफ्ट आणि १७ राइट अशा दोन समांतर धावपट्ट्या आहेत. आदल्या रात्री गोदामातली पाळी करून, जेमतेम चार तास झोपून मी एकट्याने उड्डाणाला गेलो. टॉवरने १७ लेफ्ट दिली, मी रेडिओवर '१७ लेफ्ट' असे बरोबर परत म्हटले, आणि अंतिम टप्प्यात १७ राइटच्या रेषेत जाऊन बसलो. टॉवरने वेळीच 'गो अराउंड', म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, असे सांगितले आणि मी विमान पुन्हा वर घेतले. उतरल्यावर मी स्वतःहून सुरक्षा-अहवाल भरला. मला वाटले होते की आता खरडपट्टी निघणार. पण मला प्रश्न विचारले गेले : किती झोपला होतास, सूर्य कुठे होता, आधीची सगळी उतरणी कोणत्या धावपट्टीवर केली होतीस? आधीची सगळी उजवीवर केली होती. कान आणि तोंड यांनी नवी सूचना घेतली होती, हातांनी मात्र जुनी सवय चालवली होती. 'निष्काळजीपणा' एवढा एक शब्द लिहून तो कागद बंद केला असता, तर ना मी काही शिकलो असतो ना माझ्यामागून येणारा विद्यार्थी.

म्हणूनच नोकरीबद्दल कळकळीने सांगतो. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येते, परंतु ती कायद्याची मर्यादा आहे, तुमच्या शरीराची नव्हे. उड्डाणाच्या आदल्या रात्री पाळी घेऊ नका, घरभाड्याची कितीही ओढ असली तरी. खर्चाचा हिशेब त्या कमाईवर बांधूच नका. उड्डाणाची फी पदवीच्या फीपेक्षा वेगळी आणि जड असते.

आपल्याकडून येणाऱ्या मुलांना आणखी एक गोष्ट जड जाते, ती म्हणजे प्रशिक्षकाला टोकणे. येथे प्रशिक्षकाला नावाने हाक मारतात. ते अंगवळणी पडायला मला काही महिने लागले, आणि त्याची चूक दिसली तर तिथल्या तिथे बोलायला त्याहून अधिक. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान टेकडीवरच्या धावपट्टीच्या पुढे जाऊन कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन प्रवासात दीड तासाहून अधिक काळ झोपले होते, आणि उतरताना विमान फार उंच व वेगात असल्याचे पाहून सहवैमानिकाने तीनदा 'गो अराउंड' म्हटल्याचे चौकशीत नोंदले गेले. त्यांनी सांगितले, पण नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. ते कॅप्टन भारतीय नव्हते, म्हणून 'हा आपल्याच संस्कारांचा दोष' असे मी म्हणणार नाही. वरिष्ठापुढे हात आखडणे जगभर दिसते. पण ज्या घरात 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' असे शिकवले जाते, तिथून आलेल्याने हा अभ्यास जास्त मन लावून करावा. येथे धोके आणि चुका कशा हाताळता, हेही उड्डाण-परीक्षेत तपासले जाते.

उलट बाजूचे उदाहरणही अभ्यासाल. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० चे एक इंजिन फुटले, इशाऱ्यांचा भडिमार झाला, आणि कॉकपिटमधल्या पाच वैमानिकांनी कामे वाटून घेऊन विमान परत उतरवले. ४६९ जणांपैकी कोणीही दगावले नाही. मेलबर्नमध्ये हे शिकण्याला माझ्या मनात आणखी एक अर्थ आहे. कॉकपिटमधले आवाज नोंदवणाऱ्या यंत्राची कल्पना १९५० च्या दशकात याच शहरातल्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड वॉरन यांनी मांडली. त्यांचे वडील १९३४ मध्ये बासच्या सामुद्रधुनीवर नाहीशा झालेल्या विमानात होते.

नोकरीच्या बाबतीत भ्रम नसावा. पहिली वैमानिकाची नोकरी परवाना आणि तास यांवर मिळते, या पदवीवर नव्हे. पदवीचा उपयोग पुढे, सुरक्षा विभागात, प्रशिक्षणात किंवा अन्वेषणात होतो, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र गमावण्याची वेळ आली तर तोच आधार उरतो. घरचे पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर परवाना गोंदिया किंवा बारामतीसारख्या ठिकाणी भारतातच घ्यावा आणि काही वर्षे उडाल्यावर हा विषय पदव्युत्तर पातळीवर शिकावा. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचा अभ्यासक्रम तर नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येतो. कर्ज काढून, घर गहाण ठेवून दोन्ही एकदम करण्याचा सल्ला मी देणार नाही.

येथले शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये सुरू होते. पुढच्या वर्षी यायचे ठरवत असाल, तर वर्ग दोनच्या तपासणीची वेळ या महिन्यातच घ्या, कारण त्यात एखादी शंका निघाली तर वर्ग एकपर्यंत पोहोचायला सहज काही महिने जातात. शाळेने तासांचा लेखी तपशील दिला की तो मला पाठवा. डीजीसीएच्या अटींशी एकेक रकाना ताडून कुठे किती तास कमी पडतात ते मी कळवीन.